सोलापूरच्या उन्हाळ्यात मँटिस श्रिंप दरवर्षी का दगावतो? आधी टाकी तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. दिवाळीच्या आसपास आणलेला मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा दिसणारा, खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा शिकारी समुद्री प्राणी) होळीपर्यंत ठणठणीत असतो. शिंपला टाकला की बिळातून झेपावतो, त्याच्या ठोशाचा 'टक्क' आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. गुढीपाडवा उलटला की हळूहळू सुस्तावतो. खाणं अर्धवट सोडतो, बिळाबाहेर आडवा पडून राहतो, कात टाकताना अडकतो आणि एप्रिल-मे महिन्यात एखाद्या सकाळी मेलेला सापडतो. पावसाळ्यानंतर मालक दुसरा आणतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही जातो. मग कुणी म्हणतं माल नाजूक होता, कुणी म्हणतं समुद्रातलं जनावर सोलापूरला टिकायचंच नाही.

टिकतं. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या हवेच्या गावातही टिकतं. पण त्यासाठी टाकी निवडताना जी भीती मनात असते ती बदलावी लागते. मँटिस म्हटलं की सगळ्यांना त्याचा ठोसा आठवतो आणि काच फुटेल या धास्तीने लोक लहान टाकी करून घेतात, काच मात्र भक्कम घालतात. जुळे सोलापुरातून एका पोराचा फोन आला होता.

"काका, बारा एमएमची काच घातलो ओ. तरी दगावला."

"टाकी केवढी आहे?"

"दीड फूट. एकट्या जिवाला बास की."

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे जेमतेम चाळीस लिटर पाणी. त्यातून वाळू-दगडांची जागा वजा करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तेव्हा हे पाणी संध्याकाळपर्यंत किती तापेल आणि किती आटेल, याचा विचार टाकी घेताना कुणी केलेलाच नसतो. काच शाबूत राहते, जनावर जातं.

आधी खात्री करा: कात टाकतोय की उन्हाने गळपटलाय?

ही दोन लक्षणं लोक नेहमी एकमेकांत मिसळतात आणि त्यातून नसते उपाय होतात. कात टाकण्याआधी मँटिस खाणं सोडतो, दगडगोटे ओढून बिळाचं तोंड बंद करतो आणि कित्येक दिवस आतच बसतो. हे आजारपण नाही. अशा वेळी दगड उचलून पाहायचं नाही, पाईप हलवायचा नाही, काठीने ढोसायचं तर अजिबात नाही. नवं कवच कडक होईपर्यंत त्याचं अंग मऊ असतं आणि त्या काळात तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही.

उष्णतेने गळपटलेला मँटिस याच्या उलट वागतो. तो बिळाबाहेर येतो. पोटाखालचे पंख्यासारखे अवयव जोरजोरात हलवत राहतो, कारण त्याचे कल्ले तिथेच असतात आणि त्याला प्राणवायू पुरत नसतो. काचेवर सावली पडली तरी आत पळत नाही. एरवी दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून सारखा टेहळणी करणारा प्राणी. त्याचे डोळे स्थिर झाले की परिस्थिती गंभीर समजा.

आता थर्मामीटर. काचेचा तरंगता थर्मामीटर नको, तो ठोशाने फुटेल. वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल घ्या आणि सेन्सर बिळाच्या तोंडाजवळ, पण त्याच्या सहज माऱ्यात येणार नाही असा बसवा. आठवडाभर रोज दोन नोंदी करा, एक पहाटे आणि एक संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. दुपारी दोनची नोंद फसवी असते. सिमेंटचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापतात आणि ती उष्णता सूर्य मावळल्यावर खोलीत सोडत राहतात. पाणीही सावकाश तापतं, म्हणून त्याचा सर्वांत वाईट आकडा बहुतेक वेळा दिवेलागणीनंतर दिसतो.

उष्णकटिबंधातल्या बहुतेक मँटिसना २४ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. २८ ही हद्द समजा. पाणी ३० च्या वर रोज जात असेल तर बाकी काही तपासण्याआधी तेच दुरुस्त करा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी प्राणवायू धरतं. त्याच वेळी प्राण्याचं शरीर मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतं. अर्धवट खाल्लेल्या कोळंबीचा तुकडा कोपऱ्यात कुजत असेल तर तोही प्राणवायू खातो आणि वर अमोनिया सोडतो, जो गरम पाण्यात अधिक विषारी ठरतो. लहान टाकीत हे सगळं एकाच संध्याकाळी जमून येतं.

पहाटे आणि संध्याकाळच्या आकड्यांत दोन अंशांहून जास्त फरक रोज पडत असेल, तर टाकी या गावासाठी लहान आहे.

मग केवढी टाकी?

आधी तुमच्याकडे कोणता मँटिस आहे ते पाहा. विक्रेते बहुधा सगळ्यांना एकाच नावाने विकतात, पण त्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक ठोसा मारणारा: पुढच्या घडीच्या पायाच्या कोपराला गोळ्यासारखी फुगीर गाठ असते आणि तिने तो शिंपले, खेकडे फोडतो. दुसरा भाला मारणारा: त्याच्या पायाला काट्यांची रांग असते आणि तो वाळूत दबा धरून मासे, कोळंबी टोचतो. आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यात जे मँटिस सर्रास येतात ते बहुतेक या दुसऱ्या जातकुळीचे. त्यांच्यापासून काचेला धोका जवळपास नाही. मात्र त्यांना खोल वाळू लागते, निदान त्यांच्या अंगाच्या लांबीइतकी, थोडी जास्तच असेल तर उत्तम. ठोसेबाजाला वाळूपेक्षा दगडगोटे, शिंपल्यांचे तुकडे आणि पक्कं बीळ हवं.

ठोसेबाजांमध्ये सगळ्यांना हवा असतो तो हिरव्या-निळ्या-लाल रंगांचा मोरपंखी मँटिस, शास्त्रीय नाव ओडोन्टोडॅक्टिलस सिलारस. तो १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याच्यासाठी माझं मत ठाम आहे: सोलापुरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच यापेक्षा लहान टाकी करू नका. वरपर्यंत भरली तर १८० लिटरच्या आसपास आणि वाळू-दगड वजा जाता दीडशे लिटर पाणी हाती राहतं. पाच-सात सेंटिमीटरच्या लहान जातींना चाळीस लिटरची टाकी चालते असं जगभर सांगितलं जातं आणि ते वातानुकूलित खोलीत खरंही आहे. आपल्या नेहमीच्या खोलीत मात्र त्यांच्यासाठीही ऐंशी-शंभर लिटर धरा. ती जागा त्या जनावराला फिरायला नको असते, ते दिवसातला बराच वेळ बिळातच काढतं. पाणी सावकाश तापावं आणि खारटपणा हलू नये, यासाठी ते लिटर लागतात.

उंचीपेक्षा लांबी-रुंदीवर पैसा घाला. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा, तितका प्राणवायू जास्त मिसळतो आणि पाणी थंड करणंही सोपं जातं. उंच, अरुंद टाकी बैठकीत शोभून दिसते, पण या कामाला ती चुकीची आहे.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. वरच्या मापाची दहा एमएमच्या काचेची टाकी रिकामीच चाळीस किलोच्या घरात जाते. खारं पाणी, वाळू, दगड धरून एकूण भार अडीचशे किलोपर्यंत पोहोचतो. वेल्डिंग केलेला लोखंडी स्टँड असेल तर त्याला रंग चांगला द्या, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी तो लवकर गंजतो. शहाबादी फरशीचे सांधे उंच-सखल असतात, म्हणून स्टँडचे चारही पाय लेव्हल लावून तपासा आणि टाकीच्या तळाखाली थर्माकोलचा सलग पत्रा घाला.

आणि जागा! वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालची खोली सगळ्यात वाईट. तळमजला, आतली भिंत, खिडकीपासून दूर. कुणाचं जुनं माळवदाचं घर असेल तर त्या जाड भिंतींच्या खोलीसारखी जागा नाही, मे महिन्यातही ती स्लॅबच्या खोलीपेक्षा कितीतरी निवांत असते.

काचेची भीती किती खरी?

थोडी खरी आहे. मोरपंखी मँटिसच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे आणि त्याचा जोर १५०० न्यूटनपर्यंत जाऊ शकतो. ठोसा इतका झपकन बसतो की पाण्यात पोकळीचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. १९९८ साली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नाव दिलेल्या मँटिसने टाकीची पाव इंच जाडीची काच फोडली होती. ही गोष्ट जगभर सांगितली जाते ती अशा घटना विरळ असतात म्हणूनच. पाव इंच म्हणजे साधारण सहा एमएम. आपल्या तीन फुटी टाकीला पाण्याच्या दाबासाठीच आठ ते दहा एमएम काच लागते, त्यामुळे बाजूच्या काचांची वेगळी काळजी फारशी उरत नाही.

खरा कच्चा दुवा तळ आहे. मँटिस बीळ खणत खणत थेट तळाच्या काचेपर्यंत जातो आणि अडलेला दगड हलवायला तिथेच ठोसे मारतो. म्हणून टाकी बनवतानाच तळाच्या काचेवर पाच-सहा एमएमचा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा घालून घ्या. सगळे मोठे दगड या पत्र्यावर टेका आणि वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेला दगड तो खालून पोखरतो, मग दगड कलंडून काचेवर किंवा त्याच्याच अंगावर पडतो. काच तडकल्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्यांतल्या काही अशा कलंडलेल्या दगडांच्याही असतात.

टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच घालू का, असं टाकी बनवणारे विचारतात. नको. साधी काच तडकली तर रेघ पडते, पाणी झिरपतं, तुम्हाला बादल्या आणायला वेळ मिळतो. टफन्ड काच फुटली तर क्षणात तिचे बारीक तुकडे होतात आणि दीडशे लिटर खारं पाणी खोलीभर पसरतं. पूर्ण अ‍ॅक्रिलिकची टाकी मिळत असेल तर ठोशासाठी ती काचेपेक्षा सरस. पण तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, तिला तळाशी सलग आधार लागतो आणि आपल्याकडे तशी मोठी टाकी नीट जोडून देणारा कारागीर सहज सापडत नाही. काचेची टाकी आणि तळाला पत्रा, हा मला सगळ्यात व्यवहार्य मार्ग वाटतो.

हीटर, पंप, काचेच्या नळ्या मुख्य टाकीत ठेवू नका. खालच्या कपाटात फिल्टरची वेगळी टाकी ठेवून सगळं सामान तिथे हलवा. त्याचा मोठा फायदा असा की खालच्या टाकीचं पन्नास-साठ लिटर पाणी एकूण पाण्यात वाढतं.

उन्हाला तोंड कसं द्यायचं

इथे सोलापूरची हवा आपल्या बाजूने आहे, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या दमट हवेत टाकीवर पंखा लावून मर्यादित फरक पडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. हिशेब करून पाहा: एक लिटर पाण्याची वाफ झाली तर शंभर लिटर पाण्यातून साधारण सहा अंशांइतकी उष्णता निघून जाते. एक लिटर बर्फ त्याच शंभर लिटरमध्ये वितळवला तर जेमतेम एक अंश उतरतो. लोक फ्रीझरमध्ये बाटल्यांवर बाटल्या लावतात, पण खरं काम पंखा करतो.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतात तसे बारा व्होल्टचे दोन-तीन पंखे टाकीच्या काठावर तिरके, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घासून जाईल असे बसवा. खालच्या फिल्टरच्या टाकीवर एक लावला तर आणखी चांगलं. तापमान २६ वर गेलं की पंखे चालू आणि २५ ला बंद, असं करणारा कंट्रोलर मिळतो, तो घ्या. मात्र खोलीची खिडकी थोडी उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर चालवला तर खोलीतली हवा दमट होते आणि मग ना कूलर काम करतो ना टाकीवरचा पंखा. एवढं करूनही मे महिन्यात पाणी २८ च्या खाली राहत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, किंवा खोलीला एसी, तिसरा उपाय नाही. चिलर त्याच्या मागून गरम हवा सोडतो, त्यामुळे तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेत गुदमरतो.

टाकीला पंखा लावला म्हणजे काचेचं झाकण चालणार नाही. पण उघडी टाकीही चालणार नाही, मँटिस काठापर्यंत चढतो आणि बाहेर पडू शकतो. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या चौकटीत नायलॉनची जाळी ताणून झाकण करा. लोखंडी जाळी गंजते. पितळी किंवा तांब्याची तर टाकीच्या आसपासही नको, त्याबद्दल पुढे सांगतो.

आटणारं पाणी: उन्हाळ्यातली दुसरी मेख

वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. चाळीस लिटरच्या टाकीतून तीन दिवसांत सहा लिटर पाणी उडालं, तर दर लिटरला ३५ ग्रॅम असलेला खारटपणा ४१ च्या पुढे जातो. लग्नाला गावी गेलेलं कुटुंब परत येतं तोवर हे झालेलं असतं. दीडशे लिटरच्या टाकीतून तेवढंच पाणी उडालं तर खारटपणा साडेछत्तीसपर्यंतच चढतो. मोठी टाकी का, याचं हेही एक उत्तर.

मोठ्या टाकीच्या मोठ्या पृष्ठभागावरून पाणी जास्त उडतं हेही खरं, म्हणून भर रोज घाला आणि ती गोड्या, शुद्ध पाण्याची घाला. खारं पाणी घालून पातळी भरणं ही नेहमी होणारी गफलत आहे, त्याने मीठ साठतच जातं. पाण्याची पातळी काचेवर मार्करने आखून ठेवा. गावाला जायचं असेल तर फ्लोट लावून आपोआप भर घालणारी छोटी टाकी जोडा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणा दाखवणारा आकडा, १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान हवं आणि ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या.

मग हे शुद्ध पाणी आणायचं कुठून? महापालिकेचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी जड असतं. बहुतेक जण घरच्या आरओकडे वळतात आणि तिथे एक धोका दडलेला असतो, तो मात्र जीवघेणा आहे. हल्ली घरगुती फिल्टरमध्ये आरोग्यासाठी पाण्यात तांबं मिसळणारे प्रकार आले आहेत. माणसाला ते चालेल, पण कवचधारी प्राण्यांना तांबं अत्यल्प प्रमाणातही मारतं. कोळंबी, खेकडा, मँटिस, सगळ्यांना. रोज दोन-तीन लिटर भर घालता घालता ते टाकीत साठत जातं आणि वाफेबरोबर उडत नाही. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो तो) ते वेगळं दिसतही नाही, त्यासाठी तांब्याची स्वतंत्र टेस्ट किट लागते. ज्यांचा मँटिस तापमान व्यवस्थित असूनही उन्हाळ्यातच जातो, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या आरओवर 'कॉपर' लिहिलंय का? असेल तर ते पाणी टाकीसाठी बंद. तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणीही बंद. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर देतात त्या औषधांतही बऱ्याचदा तांबं असतं. ज्या टाकीत ते कधी वापरलं गेलं असेल, अशी जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी मँटिससाठी घेऊ नका, सिलिकॉन आणि दगड ते धरून ठेवतात.

घरच्या आरओमध्ये चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, तोही बंद करून घ्या. बोअरचं पाणी फारच जड असेल तर आरओनंतर डीआयचं, म्हणजे उरलेले क्षार काढून घेणारं काडतूस जोडा.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठी बनवलेलं सागरी मीठच. खडेमीठ किंवा स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं तितकं नसतं आणि कवच त्याशिवाय बनत नाही. दीडशे लिटरला सव्वापाच किलोच्या आसपास लागतं. ते बादलीत किंवा ड्रममध्ये आदल्या दिवशी कालवून, पंपाने फिरवून ठेवा. प्राणी आत असताना टाकीत थेट मीठ टाकायचं नाही.

बीळ आणि उजेड

तापमान, खारटपणा, तांबं तिन्ही ठीक असूनही कवचावर तपकिरी-काळे डाग पडत असतील आणि ते खड्ड्यांसारखे खोल होत असतील, तर उजेड पाहा. मोरपंखी मँटिस समुद्रात उथळ, लख्ख पाण्यात राहण्यापेक्षा प्रवाळखडकांच्या कडेच्या रेती-गोट्यांत इंग्रजी यू आकाराचं बीळ करून राहतो. पुरेसं बीळ न देता त्याला प्रखर दिव्याखाली ठेवलं की हा कवचरोग दिसतो, असा पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. त्याचे रंग चमकावेत म्हणून प्रवाळाचे महागडे दिवे लावणं त्याला महागात पडतं. साधा मंद एलईडी पुरे, आणि तोही दिवसातले काहीच तास. दिवा कमी म्हणजे उष्णताही कमी.

बिळासाठी प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप उत्तम. व्यास इतका की त्याला आत वळता यावं, पण ऐसपैस वाटू नये. लांबी अंगाच्या तिप्पट-चौपट. मध्ये एल्बो लावून वळण द्या म्हणजे आतला भाग पूर्ण अंधारात राहतो. दोन्ही तोंडं उघडी ठेवा आणि आजूबाजूला बोटाएवढे दगड, शिंपल्यांचे तुकडे पसरा, दार कसं लावायचं ते तो स्वतः ठरवतो. एक टोक काचेला टेकवून बाहेरून काळा कागद लावला तर अधूनमधून कागद उचलून आत पाहता येतं. कात टाकली का, हे असं न छेडता कळतं.

दगडांसाठी कुणी समुद्रातून आणलेला जिवंत प्रवाळ देऊ केला तर घेऊ नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बाजारात सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात, पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यावरही वसतात.

लाइट गेली तर

वळवाच्या पावसाआधी सुसाट वारा सुटतो आणि लाइट जाते, तीही नेमकी पाणी सर्वांत गरम असताना. पंखा, पंप, सगळं एकदम थांबतं. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप आणि टाकीचे पंखे घ्या, दोन्ही मिळून वीज नगण्य खातात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

पाणी ३० च्या वर गेलेलं सापडलं तर क्रम असा ठेवा: दिवा बंद, हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चालू, पंखा थेट पाण्यावर, उरलेलं खाद्य बाहेर. मग बर्फाची बंद बाटली खालच्या फिल्टरच्या टाकीत ठेवा. बर्फ सुटा टाकला तर खारटपणा उतरतो. तासाला एक अंशाहून जास्त वेगाने पाणी गार करू नका, घाईने गार केलेल्या पाण्याचाही धक्का बसतो. त्या रात्री खायला देऊ नका.

नवी टाकी कधी मांडायची

पावसाळ्याच्या सुरुवातीला. पाणी, दगड, फिल्टर लावून, थोडं खाद्य टाकून जिवाणू वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. जनावर दसऱ्याच्या सुमाराला आणा. पुण्याहून आणणार असाल तर संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची, ऊन टळलेलं असतं. पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि घरी आल्यावर टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत त्याला सवय होऊ द्या. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो तेव्हा हीटर लागेल, तोही खालच्या टाकीत. म्हणजे उन्हाळा लागायच्या आत त्याला पाच महिने मिळतात आणि तुम्हालाही टाकीचे आकडे पाठ होतात.

उन्हाळा तोंडावर असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी कितीही सुंदर मँटिस दाखवला तरी थांबा. नव्या टाकीत, न मुरलेल्या पाण्यात, पहिल्याच उन्हाळ्यात त्याला लोटणं त्याच्यावर अन्याय आहे.

सध्या लहान टाकीत मँटिस असेल आणि मोठी करून घ्यायला वेळ लागणार असेल, तर तोवर ती टाकी तळमजल्यावर हलवा, पंखा आणि जाळी लावा, रोज भर घाला, आणि फिल्टरचा स्पंज आतापासूनच मोठा बसवा म्हणजे तोच जिवाणूंसकट नव्या टाकीत घालता येईल. मोठी टाकी सुरू झाली की लहान टाकी विकू नका. मोठ्या टाकीच्या स्टँडखाली तिच्या मापाची जागा ठेवली तर तीच फिल्टरची टाकी होते, आणि तिची बारा एमएमची काच तिथे पंपाच्या हादऱ्यांना आयुष्यभर पुरेल.